अंथरुणावरच्या मोठ्या भावाची पूर्णवेळ देखभाल: रात्रीची कूस, एकटीने हलवणं आणि जेवतानाचा ठसका

धाकटी

दादा ३४ वर्षांचा, वजन ४२ किलो. सेरेब्रल पाल्सी, चारही हातपाय ताठ, बोलत नाही, मान जेमतेम सावरतो. फिटची औषधं चालू आहेत, जेवण तोंडाने. आईच्याने आता होत नाही, त्यामुळे सगळं माझ्याकडे आलंय. औषधं डॉक्टर सांगतात, पण रोजची कामं कशी करायची ते कुणी बसून सांगत नाही. रात्री दर दोन तासांनी उठून कूस पालटायलाच हवी का? पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना माझी कंबर भरून येते, दुसरी काही पद्धत आहे का? आणि जेवायला पाऊण तास लागतो, शेवटी शेवटी ठसका लागतो, तेव्हा काय करायचं?

रात्रपाळी

दोन तास ही सुरुवात समजा. पुढचं अंतर त्याच्या कातडीवरून ठरतं. कूस पालटलीत की ज्या भागावर भार होता तो लगेच बघा: माकडहाड, खुबा, टाच, घोटा, कोपर, कानाची पाळी, डोक्याची मागची बाजू. लाली दिसली तर बोटाने दोन-तीन सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर फिकी पडली तर भार काढल्यावर ती उतरायला हवी. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. दाबूनही फिकी पडत नसेल तर बेडसोअरची (सततच्या दाबाने पडणाऱ्या जखमेची) पहिली पायरी सुरू झाली आहे. त्या जागेवर भार अजिबात नको आणि नर्स किंवा डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे हाताची पाठ लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते का, कडक किंवा पिचपिचीत झाली आहे का, काळपट-जांभळट दिसते का.

लाली राहत नसेल तर रात्रीचं अंतर काही दिवसांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवत न्या. चांगली प्रेशर गादी (शरीराचा दाब विभागणारी, जसं की हवेची एअर गादी) असेल आणि कातडी साथ देत असेल तर बऱ्याच जणांचं रात्रीचं अंतर चार तासांपर्यंत जातं. लाली राहिली की एक पायरी मागे. एअर गादीवर जाड चादरी, रबर शीट, घडी घातलेली गोधडी असं काही टाकू नका, गादीचा उपयोगच संपतो. एक सैलसर चादर पुरे. एअर गादी आहे म्हणून कूस पालटणं बंद करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

कुशीवर पूर्ण आडवं नका झोपवू, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. साधारण ३० अंश तिरकं ठेवा. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत लांब उशी, एक उशी दोन्ही गुडघ्यांच्या मधे आणि एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. मग तळहात वर करून माकडहाडाखाली सरकवून बघा. हाड हाताला टोचत असेल तर उशी अजून आत हवी. डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ आणि त्यानंतरचा अर्धा तास सोडून ३० अंशांच्या वर नको. शरीर खाली घसरतं, कातडी मात्र चादरीला धरून राहते आणि आतले थर फाटतात. वरून काही दिसत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. भोक असलेली गोल रिंग वापरू नका आणि लाल जागा चोळू तर मुळीच नका.

हळूहळू सरकवा

उचलण्याचं. माणूस हलवताना एका व्यक्तीने हाताने पेलायचं वजन जास्तीत जास्त १६ किलोच्या आसपास धरतात, तेही माणूस स्थिर असेल तर. ४२ किलोंचा ताठ देह, मधेच येणारा झटका, ते एकटीने उचलायचं काम नाही. कितीही सवय झाली तरी मणका झिजतोच. सरकवायचं तेवढं सरकवा, बाकी होइस्टवर, म्हणजे माणूस उचलायच्या यंत्रावर.

पलंगावर वर-खाली किंवा बाजूला घ्यायला स्लाइड शीट हवी, म्हणजे दुहेरी, गुळगुळीत कापड. अंगाखाली घालताना ओढू नका. लांबचा गुडघा दुमडा, एक हात त्या गुडघ्यावर, दुसरा खांद्यामागे, आणि स्वतःकडे वळवा. अर्धी शीट पाठीशी गुंडाळून ठेवा, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन उलगडा. काम झालं की शीट लगेच काढा, नाहीतर तीच त्याला घसरवते. पलंगाची उंची तुमच्या कमरेच्या रेषेत हवी. बऱ्याच घरांत पलंग गुडघ्याएवढा असतो आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

ताठरपणाशी झटापट करू नका. पाय सरळ ताणलेले असतील तर आधी एक पाय खुब्यातून आणि गुडघ्यातून सावकाश दुमडा, हात तसाच ठेवून ताठरपणा सुटेपर्यंत थांबा, मग दुसरा. कधीच न चाललेल्या माणसाची हाडं ठिसूळ असतात. डायपर बदलताना घोट्यांना धरून दोन्ही पाय वर उचलणं किंवा मांड्या जोराने फाकवणं यात मांडीचं हाड मोडतं. डायपर नेहमी कुशीवर वळवूनच बदला. काखेत हात घालून उचलणंही बंद, खांदा निसटतो.

होइस्ट घेताना स्लिंग (ज्यात माणसाला बसवून उचलतात ती कापडी झोळी) डोक्याला आधार देणारी घ्या, कारण मान सावरत नाही. माप वजनावर नाही, उंचीवर आणि घेरावर बघायचं. सैल स्लिंगमधून माणूस घसरतो, घट्ट असेल तर मांडीत रुतते. स्लिंग अडकवताना डाव्या-उजव्या बाजूला एकाच रंगाचे लूप (पट्ट्यांचे फास) लावा. दरवेळी शिवण बघा, धागा सुटलेला दिसला तर ती स्लिंग बाद. उचलताना व्हीलचेअरचे ब्रेक लावलेले, होइस्टचे पाय रुंद केलेले आणि त्याची चाकं सहसा मोकळी, म्हणजे त्याला आपला तोल स्वतः सापडतो. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून समोर करून घ्या.

धाकटी

घोट्यांना धरून उचलणं आजपासून बंद. ठसक्याबद्दल कुणी सांगेल का? कधी कधी ठसका न लागताच डोळ्यांतून पाणी येतं.

घास लहान

ते डोळ्यांचं पाणी साधं समजू नका. घास श्वासनलिकेत जातो आणि खोकला येतच नाही, असंही होतं. घासानंतर ओला, खळखळता आवाज, श्वास जलद होणं, संध्याकाळी बारीक ताप, वरचेवर छातीत कफ, ही लक्षणं एकत्र लिहून न्या आणि गिळण्याची तपासणी मागा. एक्स-रेखाली चलचित्र घेऊन होणारी तपासणी सगळ्यात स्पष्ट सांगते. किती दाट द्यायचं, पाणी दाट करायचं का, हे त्यावरून ठरतं, अंदाजाने नाही. एकदा ठरलं की प्रत्येक वेळी दाटपणा तोच हवा.

ठसका शेवटी लागतो याचा अर्थ बहुधा तो दमतो. एक जेवण ३० मिनिटांच्या आत संपवा आणि दिवसात जेवणं वाढवा. बसवताना आधी कंबर मागे टेकलेली, पावलांखाली आधार, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की घास आपोआप आत ओघळतो. तुम्ही उभं राहून भरवू नका, त्याला वर बघावं लागतं. समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. चमचा लहान, चपटा, सिलिकॉनचा. धातूचा चमचा तो कडकडून चावला तर दात तुटेल. चमचा जिभेच्या मध्यावर हलकासा दाबा, ओठ मिटू द्या, सरळ बाहेर काढा. एक घास दोनदा गिळला जातो का ते बघा, मगच पुढचा. जेवणानंतर निदान अर्धा तास बसलेलाच ठेवा. खोकला लागला तर पुढे झुकवून खोकू द्या. पाणी पाजायचं नाही, ते त्याच वाटेने जातं. चेहरा निळसर पडला, आवाजच फुटत नसेल तर घास अडकला आहे, तिथे क्षणभरही थांबू नका. पाठीवर जोराचे पाच फटके आणि पोटावर, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली, पाच धक्के ही क्रिया व्हीलचेअरवरच्या माणसावर कशी करायची ते आधीच शिकून घ्या.

दात रोज दोनदा घासा. छातीच्या संसर्गाचे जंतू बहुतेक वेळा तोंडातल्याच लाळेतून आत जातात. आणि गोळ्या कुटायच्या आधी फार्मासिस्टला विचारा. हळूहळू सुटणारी किंवा आवरण असलेली गोळी कुटली तर मात्रा बिघडते. औषध वाटीभर अन्नात कालवू नका. अर्धं उरलं तर मात्रा अर्धी, आणि फिट येते.

रात्रपाळी

एक राहिलं. न बोलणारा माणूस अचानक ताठ व्हायला लागला, फिट वाढल्या, जेवण नाकारलं तर आधी शौचाची नोंद बघा. तीन-चार दिवस साफ झालं नसेल आणि मधेच पातळ गळत असेल तर ते जुलाब नसून कडक खड्याच्या बाजूने वाट काढणारं पाणी असू शकतं. तिथे जुलाब थांबवायचं औषध दिलं तर प्रकरण चिघळतं. त्यानंतर दात, कान, लघवीचा संसर्ग, खुबा, या क्रमाने शोधा. "वागणूक बदलली" म्हणून कुणी नुसती झोपेची गोळी लिहून देत असेल तर हे सगळं तपासलं का, असं ठामपणे विचारा.

हळूहळू सरकवा

आणि दुसरा माणूस आत्ताच तयार करा, तुम्ही आजारी पडायची वाट नका बघू. पहिले काही दिवस त्याने नुसतं बघायचं, मग तुमच्यासोबत करायचं, मग तुम्ही शेजारच्या खोलीत बसून त्याला एकट्याने करू द्यायचं. उशा कुठे-कुठे ठेवायच्या त्याचा फोटो भिंतीवर लावा, शब्दांपेक्षा तो कामाला येतो. शेजारी एका पानावर: औषधं आणि वेळा, वजन, ॲलर्जी, जेवणाचा दाटपणा, दुखलं की दादा नेमकं काय करतो. त्याच पानावर फिटचं मोठ्या अक्षरांत लिहा: वेळ बघा, कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध न येता लागोपाठ दुसरी आली तर ॲम्ब्युलन्स. डॉक्टरांनी नाकात द्यायचं मिडाझोलाम (फिट थांबवायचं औषध) दिलं असेल तर किती आणि कितव्या मिनिटाला ते त्यांच्याच हातचं लिहून घ्या, आणि बाटलीवरची मुदत दर महिन्याला बघा.