बैबर्सची खानकाह, कैरो: रस्ता एका कोनात, चौक दुसऱ्याच

प्रश्न
कैरोच्या गमालिया रस्त्यावरच्या इजिप्तच्या ममलूक राजवटीतल्या सुलतान बैबर्स अल-जाशनकीरच्या खानकाहचा (सूफींचा मठ, १३०६-१०) तळनकाशा काढतो आहे. दर्शनी भिंत रस्त्याला धरून आहे, पण चौक तिरका येतोय. मापं चुकली की बांधकामच तसं? दुसरं, ही ४०० सूफींसाठी होती म्हणतात. तेवढ्यांना इथे राहायला जागा कुठे?

प्रतिसाद १
बांधकामच तसं. चौक आणि इवान (चौकाकडे उघडी असलेली कमानदार दालनं) किब्ल्याला, म्हणजे नमाजाच्या मक्केकडच्या दिशेला, कैरोहून आग्नेयेला, धरून बसवलेत. दर्शनी भिंतीला रस्ता सोडता येत नव्हता. दोन दिशांमधली पाचर भिंतीच्या जाडीत जिरवलेली असते. ममलूक कैरोत हे जागोजागी दिसतं.

म्हणून खिडकीच्या कोनाड्याच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंची खोली वेगवेगळी मोजा. एका बाजूचं माप दोन्हीकडे टाकलं की नकाशा जुळत नाही, आणि मग माणूस टेपला दोष देत बसतो. आतली आणि बाहेरची मापं स्वतंत्र घेऊन शेवटी चिकटवू नका. दारातून, बैबर्सच्या कबरीच्या दालनाला वळसा घालणाऱ्या बोळातून, चौकापर्यंत सलग रेषा न्या आणि प्रत्येक वळणावर कोन घ्या. खोल्यांचे दोन्ही कर्ण हवेतच. काटकोन कुठेही गृहीत धरू नका.

प्रतिसाद २
४०० हा आकडा खाटांचा नाही, नेमणुकांचा समजा. वक्फच्या (धर्मादाय दान दिलेल्या मालमत्तेच्या) उत्पन्नातून शेख, सूफी, कुराणवाचक, स्वयंपाकी यांना वेतन आणि शिधा मिळे. नेमलेल्या सूफीचं मुख्य काम म्हणजे 'हुदूर', ठरल्या वेळचं सामूहिक पठण. त्याला हजर राहायला इथेच मुक्काम असायला हवा असं नव्हतं. खोल्या मोजून माणसं काढायला गेलात तर हमखास फसाल.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, खिडक्या पुन्हा मोजतो. पण कबर रस्त्याच्या बाजूला का? आणि खानकाह, झाविया, रिबात हे एकच का?

प्रतिसाद ३
कबरीच्या खिडक्या रस्त्यावर उघडल्या की आतलं कुराणपठण वाटसरूला ऐकू येतं आणि तो मृतासाठी दुवा मागतो. बांधणाऱ्याचा हिशेब हाच. इथल्या मोठ्या खिडकीची लोखंडी जाळी बगदादच्या खलिफाच्या वाड्यातली, असं ममलूक काळातला इतिहासकार मक्रीझी सांगतो. उंबऱ्याला तर चित्रलिपी कोरलेला फारोकालीन दगड आहे. आत शिरताना खाली बघा.

शब्दांचं म्हणाल तर खानकाह सहसा सुलतान-अमिरांनी वक्फ देऊन चालवलेली. इजिप्तमधली पहिली सलाहुद्दीनची, ११७३ ची, याच रस्त्यावर. झाविया बहुधा एखाद्या शेखाभोवती वाढलेली, लहान. रिबात मुळात सरहद्दीवरची गढी, नंतर धर्मशाळेसारखी. बैबर्सने खानकाहला जोडून एक रिबात बांधलीही होती. काटेकोर सीमा मात्र शोधू नका. १५व्या शतकापर्यंत मदरसा आणि खानकाह एकाच छपराखाली सर्रास येतात, मग नावावरून इमारत ओळखता येत नाही.

प्रतिसाद १
दर्शनी भिंतीवरच्या लेखपट्टीचा फोटो समोरून, पट्टीच्या पूर्ण लांबीचा घ्या. बैबर्स १३०९ मध्ये गादीवर बसला आणि १३१० मध्ये मारला गेला. गादीवर परत आलेल्या आधीच्या सुलतानाने, अन-नासिर मुहम्मदने, त्याच्या पदव्या छिन्नीने उडवल्या. ती मोकळी जागा झीज किंवा पडझड म्हणून नकाशात दाखवू नका. तिथे दगड मुद्दाम खरवडलेला आहे, बाजूची अक्षरं धडधाकट आहेत.