पहिला बोर्ड हॉट-स्वॅपच घ्या
पहिल्याच मेकॅनिकल कीबोर्डसाठी सोल्डरिंग (डाग देऊन जोडणं) शिकावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत: आत्ता नको. हॉट-स्वॅप बोर्ड घ्या. त्यात स्विच, म्हणजे प्रत्येक कीखालचं बटण, सोल्डर न करता नुसता दाबून बसतो आणि पुलरने (छोट्या चिमट्याने) उपटता येतो, त्यामुळे आवड बदलली तरी अख्खा बोर्ड बदलावा लागत नाही. आणि आवड बदलतेच! मी लिनिअरने (सरळ, गुळगुळीत दबणाऱ्या स्विचने) सुरुवात केली, आज टॅक्टाइलशिवाय (दाबताना मध्येच उंचवटा जाणवणाऱ्या स्विचशिवाय) बोटं रमत नाहीत.

घेण्याआधी बोर्ड ३ पिनचा आहे की ५ पिनचा, ते बघा. ५ पिनचा स्विच ३ पिनच्या बोर्डात बसवायचा तर प्लास्टिकचे दोन जादा पाय कापावे लागतात. धातूच्या पिनांना हात लावायचा नाही. त्या सरळ आहेत ना, हे मात्र दर स्विचला तपासा, वाकडी पिन दाबली की दुमडतेच.

खरा फरक पडतो तो स्टॅबिलायझरने, म्हणजे स्पेसबारसारख्या लांब कीला दोन्ही बाजूंनी सावरणाऱ्या तारेच्या जोडणीने. स्पेसबार खडखडत असेल तर उत्तम स्विचही वाया. त्याच्या तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं घट्ट वंगण) लावा. स्विचसाठी क्रायटॉक्स २०५जी० हे वंगण, अगदी पातळ थर. टॅक्टाइल असेल तर स्टेमच्या (स्विचच्या खाली-वर होणाऱ्या दांड्याच्या) पायांना वंगण नको, त्याने तो छान उंचवटा बोथट होतो.