स्ट्रूपचा प्रयोग मराठीतून करतेय: 'निळा' की 'निळं'? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहते. मानसशास्त्र घेऊन बीए करतेय, शेवटचं वर्ष. प्रॅक्टिकलला स्ट्रूपचा प्रयोग आहे आणि तो मराठी शब्दांवर करायला मॅडमनी परवानगी दिलीय. इथे कुणी मानसशास्त्र शिकलेलं, शिकवणारं असेल तर कृपया वाचा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. पण वाचनाची सवय इतकी मुरलेली असते की तोंडात आधी शब्दच येतो. जॉन रिडली स्ट्रूप यांच्या १९३५च्या प्रयोगात शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले होते. चौकोनांच्या जागी रंगांची नावं आल्यावर ११०.

मी लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार रंग घेतलेत. एका कार्डावर ४० चौकोन, दुसऱ्यावर ४० शब्द. आमच्या चाळीतल्या बायका दुपारी मोकळ्या झाल्या की एकेकीला बोलावते. सरावाचा फायदा एकाच कार्डाला मिळू नये म्हणून निम्म्या जणींना आधी चौकोन देते, निम्म्या जणींना आधी शब्द. आतापर्यंत बारा जणी झाल्या.

पहिली अडचण भाषेचीच. शेजारच्या काकू चौकोन बघून 'निळं', 'हिरवं' म्हणतात, आई 'निळा', 'हिरवा' म्हणते. कार्डावर 'निळा' छापलंय. मग 'निळं' म्हणणारीला अडथळा कमी होत असेल का? ती चूक तर मी धरत नाही, पण सगळ्यांकडून एकच रूप आधी घोटून घ्यायला हवं होतं का? 'लाल'चं तर रूप बदलतच नाही. आता तोही वेगळा पडतो की काय, अशी शंका येतेय.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. एक मावशी चौथीपर्यंतच शिकल्यात. कार्ड डोळ्यांजवळ धरून त्यांनी सगळ्या शब्दांच्या शाईचे रंग जवळपास चौकोनांच्याच वेगाने सांगितले, एकही चूक नाही. मैत्रीण म्हणते, हा आकडा काढून टाक, टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा ते तपासणारी चाचणी) बिघडेल. मला ते पटत नाही. वाचन सरावाचं नसेल तर शब्द आड येणारच नाही, मग हाच तर पुरावा झाला ना? पण एकाच व्यक्तीवरून असं लिहिता येत नाही हेही कळतंय. वाचनाचा वेग मोजायला आधी एखादा साधा उतारा वाचून घेतला तर चालेल का? आणि ज्यांचा प्रयोग झालाय त्यांचा वेग आता मोजला तर?

अजून आठ जणी बाकी आहेत, परवा दुपारपासून पुन्हा सुरू करतेय. निदान निळा-निळंचं त्याआधी कुणी सांगितलंत तर फार मदत होईल.