यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) फॉर्ममध्ये डी ग्रेड टाकायची की नाही?

फ्रीमाँटची आई: लेकीला टेन्थ ग्रेडमध्ये केमिस्ट्रीच्या पहिल्या सेमिस्टरला डी आली, घरात आजारपण चालू होतं तेव्हा. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात तोच कोर्स परत केला, बी आली. आता यूसीचा अर्ज भरतोय आणि ओळखीतले एकजण म्हणतात, अर्जासोबत ट्रान्सक्रिप्ट (शाळेची अधिकृत गुणपत्रिका) मागतच नाहीत, ग्रेड्स आपणच टाईप करायच्या, मग डी कशाला टाकता? मला अजिबात पटत नाहीये, दोन्ही टाकायच्या म्हणतेय तर लेक रडतेय.

सॅन होजेचा बाबा: मी तरी नसती टाकली. पोरीने परत शिकून दाखवलं ना? काही शाळांत टेस्ट पुन्हा द्यायला मिळते, काहींत नाही, मग एकाच सेमिस्टरची शिक्षा हिलाच का?

दोन मुलं यूसीत: दादा, शिक्षा कुठली? डी आलेला कोर्स परत केला की यूसी जीपीएत (ग्रेड्सच्या सरासरीत) नवीन ग्रेड धरते, पण अर्जात दोन्ही लिहायच्या हा नियमच आहे. अ‍ॅडमिशन मिळते ती प्रोव्हिजनल, म्हणजे अटींवर, १ जुलैपर्यंत शाळेचं फायनल ट्रान्सक्रिप्ट जातं, त्यात डी दिसली आणि अर्जात नसली तर अ‍ॅडमिशन रद्द होऊ शकते, तेव्हा ऐन जुलैत पोरीला घेऊन कुठे जाणार?

सॅन होजेचा बाबा: जीपीएत नसेल धरत, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ती डी दिसतेच ना! माझं म्हणणं तेवढंच आहे.

दोन मुलं यूसीत: दिसते, पण शेजारी बीपण दिसते. आणि कारण लिहायला अ‍ॅडिशनल कॉमेंट्सची जागा दिलीये.

पुण्याहून: आमच्याकडे वेगळाच घोळ. एजंटने भाच्याच्या टक्क्यांचा स्वतःच्या मनाने जीपीए करून टाकला होता. यूसी स्पष्ट सांगते की बाहेरच्या देशातले मार्क मार्कशीटवर आहेत तसेच द्या, कन्व्हर्ट करू नका. आम्ही बसून सगळं परत भरलं.

फ्रीमाँटची आई: काल रात्री जेवणाच्या टेबलावर ट्रान्सक्रिप्टवर पट्टी ठेवून एकेक ओळ जुळवली. नाइन्थच्या जिऑमेट्रीला बी आहे, लेकीने ए टाकलेली, तिला खरंच तसंच आठवत होतं! तेव्हा कोणीच आठवणीवर भरू नका. डी टाकलीये. सबमिट अजून केलं नाही, ती म्हणते कारणाच्या चार ओळी मीच लिहिणार, तू नको लिहूस.