मदत हवी आहे: रूट्स पाठच होत नाहीत, काय करू?

रानजाई:
इंग्रजी शब्दांच्या लॅटिन-ग्रीक रूट्सची, म्हणजे मूळ शब्दांची भलीमोठी यादी दिलीय, रात्री पाठ करते आणि सकाळी डोकं कोरं. त्यात एकाच गोष्टीला दोन-दोन रूट्स, कुठला कधी वापरायचा कोणी सांगत नाही. पेपर पुढच्या आठवड्यात आहे, प्लीज लवकर सांगा, 'वाचन वाढवा' नको.

जुना_भिडू:
कसला पेपर? जीआरई (परदेशी पीजीची प्रवेश परीक्षा) असेल तर रूट्सच्या नादी लागू नकोस. त्या याद्या विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांसाठी कामी यायच्या, ते प्रश्न २०११ लाच काढून टाकले. आता वाक्याचा संदर्भ कळला पाहिजे.

डोंगरवाट:
असहमत. 'बेने' म्हणजे चांगलं, 'माल' म्हणजे वाईट, एवढ्यावर बेनिफिट, बेनिव्होलंट, मॅलिशस, मालन्यूट्रिशन सगळे सुटतात. परीक्षा कुठलीही असो.

जुना_भिडू:
आणि 'इन' म्हणजे 'नाही' हे पाठ करणारा माणूस टँकरवरचं इन्फ्लेमेबल वाचून 'न पेटणारं' समजतो. तिथला 'इन' वेगळाच, 'आत'वाला. अर्धवट रूट धोक्याचा.

शाळामास्तर:
रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचावा. आमच्या वेळी हेच करायचो.

रानजाई:
अहो जीआरई नाही!! बीएस्सी नर्सिंग फर्स्ट इयर, मेडिकल टर्मिनॉलॉजी. बारावी गावाकडे केली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. किडनीला रीनल पण आणि नेफ्रो पण, फुप्फुसाला पल्मनरी पण आणि न्यूमो पण, कुठला धरायचा?

लिंबोणी:
हे आधी सांगायचंस ना गं. मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. यादी बाजूला ठेव आणि शब्द शेपटीकडून वाच. आयटिस म्हणजे दाह. एक्टमी म्हणजे कापून काढणं, ऑटमी म्हणजे नुसता चिरा, आणि ऑस्टमी म्हणजे बाहेर तोंड करून देणं, कारण ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड. कोलेक्टमी, कोलोटमी, कोलोस्टमी, तिन्हीत मोठं आतडं तेच, पण ज्याच्या पोटावर पिशवी लावलेली दिसेल तो कोलोस्टमीचा पेशंट. एकदा ती पिशवी स्वतः बदललीस की शब्द विसरणार नाहीस.
दोन रूट्सचं साधारण असं, अवयवाचं विशेषण लॅटिन, आजार आणि ऑपरेशन ग्रीक. म्हणून रीनल आर्टरी पण नेफ्रायटिस, नेफ्रेक्टमी. पल्मनरी व्हेन पण न्यूमोनिया. नाकाचं नेझल बोन पण ऱ्हायनायटिस. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिससारखे मिश्र शब्द आहेत पण ते तुला तसेही येतात.

डोंगरवाट:
अवांतर, पण मराठीवाल्यांचा यात फायदाच आहे. अस्थि आणि ऑस्टिऑन, दंत आणि डेन्स, जानु आणि जेनू, यकृत आणि हेपार, सगळी भावंडं. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात हेच मांडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्यात.

जुना_भिडू:
यकृत आणि हेपार? ओढूनताणून चाललंय.

डोंगरवाट:
लॅटिनमधलं येकुर (म्हणजे यकृतच) मधे ठेवून बघा, मग बोलू.

परदेशी_पाखरू:
नर्सिंग करतेयस तर जर्मन आत्ताच सुरू कर, जर्मनीत नर्स म्हणून जायला भाषेची बी-टू लेव्हल लागते.

रानजाई:
लिंबोणीताई खूप खूप थँक्यू, दोन तास शोधलं असतं तरी हे मिळालं नसतं. अजून एक, पीडियाट्रिक मधला पेड आणि पायाचा पेड एकच का? आणि हायपर-हायपो ऐकताना सारखेच वाटतात, सर भरभर बोलतात.

लिंबोणी:
एक नाही. पेडल इडीमातला (पायाची सूज) पेड लॅटिन, पाय. मुलांचा तो ग्रीक पाइस वरून आलाय. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, आणि हे कानावर सोडायचंच नाही. हायपोग्लायसेमियाला (रक्तातली साखर कमी) साखर द्यायची, हायपरला इन्सुलिन, उलट झालं तर पेशंटच्या जिवावर बेतेल. वॉर्डात फोनवर कोणी सांगितलं तर आकडा विचारायचा, शुगर किती आली, आणि ऐकलेलं परत वाचून दाखवायचं. सीनियर असले तरी विचारायचं.