‘अम्पुन, सुहु!’ ही टर आहे की कौतुक?

मंडळी, जकार्तात येऊन दीड वर्ष झालं. बाजारापुरती भाषा येते, पण ऑफिसातल्या दोंगह्वावेड्यांच्या, म्हणजे चिनी अ‍ॅनिमेशन बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर माझी गाडी अडते.

परवा नेहमीचाच वाद पेटला, ‘सोल लँड’चा हिरो तांग सान भारी की ‘बॅटल थ्रू द हेवन्स’चा श्याव यान? मी ‘सोल लँड’चे २६३ भाग बघून बसलेली, त्यामुळे राहवलं नाही. मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये लांबलचक लिहिलं, की श्याव यानच्या अंगठीत लपलेला म्हातारा तीन वर्षं त्याची शक्ती शोषतोय आणि ज्याला पत्ता लागत नाही, तो कसला हिरो?

त्यावर एरवी मला आदराने ‘म्बाक’, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या मुलाने लिहिलं, ‘अम्पुन, सुहु’. दुसरा म्हणाला, ‘सी पालिंग कुल्तिवासी’. मग सगळ्यांचं ‘व्कव्कव्क’. ते हसणं आहे एवढं कळतं. ‘अम्पुन’ म्हणजे क्षमा. पण माफी मागून हसतात कशाला? मी जास्त बोलले का? तेव्हापासून गप्प आहे.

शिवाय एकाने लिहिलंय, ‘गुआ नुंग्गू दी गुआ’. नुंग्गू म्हणजे वाट बघणं. दोन्हीकडे गुआ कसं?

प्रतिसाद १
सुराबायात नऊ वर्षं काढलीत, म्हणून सांगते. घाबरू नका, तुम्ही कंपूत आलात! ‘सुहु’ हा होक्कियन चिनीतून आलेला शब्द, अर्थ गुरू. को पिंग हू यांच्या जुन्या सिलत, म्हणजे मारामारीच्या, कादंबऱ्यांतले शिष्य गुरूला सुहुच म्हणतात. आता कुणी फार माहिती पाजळली की पोरं हात जोडतात. आपल्याकडे ‘माउली, चुकलं!’ म्हणतात ना, तसंच.

‘सी पालिंग’ मात्र जरा खवचट. ‘मोठी आलीय तपस्विनी’ असा सूर. तरी भांडण नाही हो.

पहिला गुआ म्हणजे मी, हाही होक्कियनच. दुसरा आपली गुहा, थेट संस्कृतातून. या मालिकांतले साधक वर्षानुवर्षं गुहेत बसतात, तसा तोही पुढच्या भागासाठी बसलाय. गुहेतल्या तपाला तिथे ‘बेर्तापा’ म्हणतात, त्यातलं तप ओळखलंत ना? आणि ‘नागा’ दिसला तर साप समजू नका, तो ड्रॅगन.

प्रतिसाद २
उत्तर न देता गप्प बसलात तर मात्र खरंच रुसलात असं वाटेल. ‘मासिह पेमुला’ लिहा, म्हणजे मी अजून नवशिकी. किंवा उलटा डाव टाका: ‘अजारिन दोंग, पुह’. पुह म्हणजे सेपुह, जावानीजमधला वडीलधारा. दोंग म्हणजे आपलं लाडिक ‘की’. शिकवा की, आजोबा!
ता. क. श्याव यानच भारी.

धागाकर्ती
दोघांचे आभार. ‘अजारिन दोंग, पुह’ टाकलं. म्बाकवाल्या पोराने लगेच विचारलं, तांग सानकडे हातोडा असताना तो लढायला गवत का वापरत बसतो? तीन परिच्छेद लिहून तयार आहेत, पण पाठवले की पुन्हा ‘अम्पुन, सुहु’ येणार.

प्रतिसाद २, तुमचं ता. क. वाचलंय. त्याचा वेगळा धागा काढते.