मदत हवी आहे: संत्र्याच्या परवानाधारक नर्सरींची खात्रीची यादी नेटवर कुठे आहे?

नमस्कार मंडळी. राहतो नागपूरला, शेती काटोलकडे. यंदा पावसाळ्यात दोन एकरांत संत्रा लावायचा आहे. जंबेरी खुंटावरच्या (म्हणजे खाली जंबेरी लिंबाचं मूळ-खोड, वर संत्रा) कलमा हव्यात आणि नर्सरी परवान्याची हवी, बस्स. फळरोपवाटिकांना परवाना लागतो, हा राज्याचा कायदा १९६९ चा. म्हणजे यादी कुठेतरी असणारच ना?

गूगलवर आधी येतात त्या व्यापारी डिरेक्टऱ्या. एकीवर भाव विचारायला मोबाईल नंबर टाकला आणि फोनांचा पाऊस सुरू. खुंट कोणता विचारलं की "भैया, सब मिल जायेगा, सागवान भी है." नावापुढे 'व्हेरिफाइड'ची हिरवी खूण! ती फोन-पत्त्यापुरती. कलमेच्या आरोग्याशी तिचं घेणं-देणं नाही, आणि वरची नावं बहुतेक पैसे भरून वर आलेली.

सरकारी बाजूला केंद्राच्या 'आयगॉड' या सरकारी संकेतस्थळांच्या डिरेक्टरीतून कृषी विभागापर्यंत पोचलो. एक पीडीएफ मिळाली, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली. डोळ्यांना नीट मराठी दिसतं. त्यात 'संत्रा' शोधा, काही सापडत नाही. मजकूर कॉपी केला तर कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा काला. गूगलला तरी काय दिसणार? वर तारीखही नाही.

राष्ट्रीय बागवानी मंडळ नर्सरींना मानांकन देतं, त्यांची यादी कोणी वापरली आहे का? तालुकावार काही मिळतं का? शेंदूरजना घाटचे पन्हेरीवाले (तिकडचे नर्सरीवाले) चालतील, पण परवाना आधी घरबसल्या तपासायचा आहे.

वऱ्हाडी_बाग: भाऊ, मंडळाच्या यादीतून नावं घ्या, पण परवाना चालू आहे का ते तालुका कृषी कार्यालयातच विचारा. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही कलमांची चौकशी करा. जुने लोक तिला एनआरसीसी म्हणतात, त्या नावानेही शोधून पाहा. शोधताना शोध फक्त सरकारी संकेतस्थळांपुरता ठेवा, अर्धा कचरा तिथेच गळतो.

संत्रानगरी: आणि कलम हातात घेऊन बघा. डोळा (खुंटावर बांधलेली संत्र्याची कळी) जमिनीपासून नऊ इंच तरी वर बांधलेला हवा, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लवकर धरतो. हे कोणत्याच डिरेक्टरीत लिहिलेलं नसते.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना. सोमवारी कृषी कार्यालयात जातो. तोवर कोणाकडे अलीकडची पीडीएफ असेल तर इथे टाका, युनिकोडमधली असेल तर फारच बरं.